आमचं कुपवाड जगाच्या पुस्तकात

आमचं कुपवाड जगभर शिकवलं जातं! सांगली-मिरजेला चिकटलेलं, एमआयडीसीचं, शिफ्ट सुटली की सायकली आणि मोटारसायकलींनी रस्ता भरून टाकणारं कुपवाड. मी तिथल्याच एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. रोज त्या रस्त्यानं जाते आणि त्याच रस्त्यानं येते. आणि ही गोष्ट मला कळली कुठं, तर वाचनालयात, भाषाविज्ञानाच्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाची सूची चाळताना. 'के' अक्षराखाली 'कुपवार'. काश्मिरातलं कुपवाडा असेल म्हणून पान उघडलं, तर समोर सांगली जिल्हा, महाराष्ट्र! उभ्या उभ्या प्रकरण वाचलं, पुस्तक घरी आणलं, जेवताना आईला आणि दादाला वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी डबा खाताना ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं. अजून माझं सांगून संपलेलं नाही. त्या पुस्तकानं माझं वर्षच बदललं. मी भाषाविज्ञानात एम.ए. करायला अर्ज करतेय.

आधी कुपवाडचं सांगते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी कुपवाड जेमतेम तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं आणि एवढ्याशा गावात चार भाषा नांदत होत्या. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि शेतमजुरांच्या घरांत मराठी आणि दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगू. शतकानुशतकं ही माणसं एकमेकांच्या बांधावर काम करत होती, एकमेकांशी व्यवहार करत होती, बरेच जण दोन-तीन भाषा सहज बोलत होते. पण घरातली भाषा कुणी टाकली नाही. मग त्या भाषांचं काय झालं? शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले आणि व्याकरण मात्र जवळजवळ एक झालं! कानडीतलं वाक्य घ्या, एकेका शब्दाच्या जागी उर्दू शब्द ठेवत जा, उर्दूतलं वाक्य तयार. त्याच जागी मराठी शब्द ठेवा, मराठी तयार. हे वाचताना मला आमच्या शेजारच्या काकूंची बडबड ऐकू यायला लागली.

काकूंच्या घरी कानडी. दारात आल्या की मराठी. त्यांच्या तोंडचं अगदी रोजचं वाक्य घेऊन बघू. मराठीत: 'चहा करून देऊन आलो.' कानडीत: 'चहा माडि कोट्टु बंदे.' माडि म्हणजे करून, कोट्टु म्हणजे देऊन, बंदे म्हणजे आलो. चार शब्दांखाली चार शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. भाजीवाल्या चाचीही म्हणतात: 'चाय बना के दे के आई.' कानडी द्राविडी कुळातली आणि मराठी-उर्दू आर्यकुळातल्या. इंग्रजी आणि मराठीचं मूळ शोधत गेलं तर एक सापडतं, मराठी आणि कानडीचं सापडत नाही. आणि तरीही वाक्याचा सांगाडा एक! ही 'करून-देऊन'ची रचना भारतभर कुळांच्या भिंती ओलांडून पसरलीय, आणि असे सामायिक गुण एकत्र मांडून मरे एमेनो यांनी १९५६ साली अख्ख्या भारतालाच एक 'भाषिक क्षेत्र' म्हटलं. त्यात आपलं 'जेवणबिवण'सुद्धा आहे! काकू कानडीत 'ऊट-गीट' म्हणतात, हिंदीत 'खाना-वाना' होतं. अक्षर वेगळं, युक्ती तीच. कुपवाड त्याच्याही पुढं गेलं. कानडीत पुरुष, बाई आणि बाकी सगळं अशी लिंगाची वाटणी असते, आणि गंपर्झ-विल्सन यांना तिथल्या उर्दूतली लिंगव्यवस्थाही त्याच वळणावर गेलेली दिसली.

आता वरचं वाक्य पुन्हा वाचा. काकू म्हणतात 'आलो'. बाईमाणूस, आणि 'आलो'! पुण्या-मुंबईच्या वाचकाला खटकलं असेल. आमच्याकडं, कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, बायका-पोरी सर्रास 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. मीही म्हणते. शाळेत त्याबद्दल बोलणी खाल्लीत. 'तू मुलगा आहेस का गं?' असं बाईंनी भर वर्गात विचारलं होतं, आणि वर्ग हसला होता. पण कानडीतलं 'बंदे' बघा. कानडीत 'मी'च्या क्रियापदाला लिंगच नसतं. बाई म्हणते बंदे, पुरुषही म्हणतो बंदे. मग कानडीशी पिढ्यान्‌पिढ्या खेटून राहिलेल्या मुलखातल्या मराठीत बायकांचं आणि पुरुषांचं 'आलो' एक झालं असेल, तर त्यामागं हेच असेल का? की दुसरंच काही? किती लांबपर्यंत असं बोलतात? सोलापुरात काय म्हणतात? बेळगावात? म्हाताऱ्या बायका जास्त म्हणतात की कॉलेजातल्या मुली? हे सगळं तपासता येतं. तपासायच्या पद्धती आहेत. त्या शिकवणारे विभाग आहेत. ज्या बोलण्यासाठी वर्गात उभं केलं जायचं, तेच बोलणं या विषयात पुरावा म्हणून टिपून घेतात, त्यावर तारीख घालतात, गावाचं नाव घालतात, जपून ठेवतात. मला हे वाचून रडू आलं.

त्या दिवसापासून माझे कान बदललेत. तुम्हीही आत्ता करून बघा. 'जग' असं दोनदा म्हणा: एकदा 'सारं जग' मधलं, आणि एकदा 'शंभर वर्षं जग' मधलं. लिहायला अगदी एकच. पण पहिल्या वेळी जीभ जरा मागं, टाळूला टेकते. दुसऱ्या वेळी पुढं, दातांच्या मुळाशी. आरशासमोर, हळू, पुन्हा एकदा. अर्थाचा सगळा फरक जिभेच्या त्या एवढ्याशा सरकण्यावर उभा आहे! अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात आणि ती सापडली, की ते दोन ध्वनी त्या भाषेत वेगळे स्वनिम आहेत हे ठरतं. आता 'माझा' म्हणा आणि लगेच 'माझी' म्हणा. एकाच शब्दाची दोन रूपं, तरी 'ई' आली की जीभ मागं सरकली. हे आपल्याला कुणी शिकवलं? आईनं नाही, शाळेनं नाही. लिपीत तर त्याची खूणच नाही. शाळेत न गेलेल्या मराठी पोरालाही ते येतं.

आणि हे बघा: 'तू पोळी खाल्लीस.' या 'खाल्लीस'मध्ये 'ई' कुणाची? पोळीची. आंबा असता तर 'खाल्लास' झालं असतं. मग शेवटचा 'स' कुणाचा? तुझा! एकाच क्रियापदानं खाणाऱ्याशीही मेळ घातलाय आणि खाल्लेल्या वस्तूशीही, दोघांना एका शब्दात बसवलंय. शिवाय 'रामानं पोळी खाल्ली' म्हणतो, पण 'मी' आणि 'तू' यांना तो 'नं' लागत नाही. का? जगातल्या अनेक भाषांत भूतकाळ आला किंवा पुरुष बदलला की कर्त्याची खूण अशी बदलते, आणि त्यावर भाषावैज्ञानिकांनी आयुष्यं घालवलीत. मी हे उदाहरण ऑफिसात व्हाउचरच्या पाठीवर लिहून शेजारच्या टेबलावरच्या दादांना दाखवलं, तर ते चहा विसरून 'तू भात खाल्लास, तू भाकरी खाल्लीस, तू धपाटं खाल्लंस' करत बसले. त्यांना त्यातला एकही नियम सांगता आला नाही आणि एकही रूप चुकलं नाही.

म्हणून लोक जेव्हा मला विचारतात, 'मग तुला भाषा किती येतात?', तेव्हा मी उत्साहानं सांगते की मुद्दा किती भाषा येतात हा नाहीच. एक भाषा प्रत्येकाकडं पूर्ण असते, तिच्या सगळ्या नियमांसकट, आणि ते नियम आपण पाळतो पण आपल्याला दिसत नाहीत. हा विषय ते दिसायला लावतो. पाणिनीनं अडीच हजार वर्षांपूर्वी जवळपास चार हजार सूत्रांत संस्कृतचं हेच केलं, आणि आजही जगभरचे भाषावैज्ञानिक त्याच्यासमोर हात जोडतात. पण कुठल्याही बोलीत, कुठल्याही वस्तीत, अक्षर न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही तेवढंच घट्ट व्याकरण असतं, ही मला त्याहून मोठी बातमी वाटते.

महाराष्ट्राचा नकाशा तर मी आता वेगळाच बघते. मेळघाटात कोरकू: ती मुंडा भाषांपैकी, म्हणजे तिचे नातेवाईक थेट झारखंडातले संथाळी आणि मुंडारी, आणि आणखी दूरचे व्हिएतनाम-कंबोडियात. गडचिरोलीत गोंडी, यवतमाळकडं कोलामी: या द्राविडी. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलतात, आणि निहालीला तर नातेवाईकच सापडलेले नाहीत! जेमतेम काही हजार माणसं ती बोलतात, शब्द कोरकूचे आणि मराठीचे भरपूर घेतलेत, पण तळाशी जे उरतं ते जगातल्या कुठल्याच कुळात बसत नाही. भाषावैज्ञानिक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लईला जा, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून जन्मलेली भाषा आजही घरात बोलली जाते. पोर्तुगीज १७४० साली तिथून गेले, भाषा राहिली. अलिबागहून मुरूडला सहलीला जाणारे किती जण त्या गावावरून जातात! एका राज्यात आर्य, द्राविडी, मुंडा, एक एकटी निहाली आणि एक समुद्रावरून आलेली. हे भूगोलाच्या पुस्तकात कापूस आणि ऊस यांच्या शेजारी का नसतं?

तर अर्ज. कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. मी बी.कॉम. संस्कृत येत नाही, इंग्रजी साहित्य शिकले नाही, आणि त्यानं अडत नाही. दोन वर्षांत ध्वनी, शब्दरचना, वाक्यरचना, अर्थ, भाषांचा इतिहास, समाज आणि भाषा, आणि प्रत्यक्ष जाऊन भाषा टिपण्याची पद्धत असं सगळं शिकवतात. मुंबई विद्यापीठात कालिन्याला विभाग आहे. दिल्ली, जेएनयू, हैदराबाद यांच्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात भाषाविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. पण माझं मन पहिल्यापासून डेक्कन कॉलेजवर आहे.

तिथं मी जाऊन आले. येरवड्याची ती जुनी दगडी इमारत, झाडी, आणि आत पाऊल टाकताना छातीत धडधड. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून ही संस्था वाढली, टिळक-आगरकर इथलेच. १९३४ साली कॉलेज बंद पडलं, आणि १९३९ साली पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा सुरुवातीपासून ज्या विषयांना जागा मिळाली त्यांत भाषाविज्ञान होतं. भाषावैज्ञानिक सुमित्र मंगेश कत्रे तिथं होते. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया त्याच आवारात. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं इथं भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या आणि देशभरातले तरुण अभ्यासक त्यांतून तयार झाले. अशोक केळकर, ज्यांनी १९५८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि शब्दरचनेवर पीएच.डी. केली, त्यांनी इथंच वर्षानुवर्षं शिकवलं. मी त्यांचे मराठी लेख सध्या वाचतेय. अवघड आहेत, एकेका पानाला तास जातो, आणि तो तास मला कुणी परत मागितला तरी देणार नाही.

आणि तो कोश! संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश, १९४८ साली सुरू झालेला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून केलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या. लोखंडी कपाटं, त्यांत अरुंद खण, खणांत दाटीनं उभे कागदाचे तुकडे. प्रत्येकावर एक शब्द, तो आला ते वाक्य, आणि ग्रंथाचा पत्ता. हातानं लिहिलेलं, शाई फिकी पडलेली. एकेका शब्दाचा वेदांपासूनचा प्रवास त्यावरून मांडायचा. पहिला भाग १९७६ साली छापला गेला, आणि काम अजून 'अ'वर चालू आहे. किती पिढ्यांच्या लोकांनी, आपल्या हयातीत 'क' येणार नाही हे माहीत असून, त्या चिठ्ठ्या लिहिल्या असतील! मी हिशेबातली आहे. नोंद, तारीख, आधार, पडताळणी या गोष्टींवर माझं प्रेम आहे, आणि ते कुणाला सांगायची सोय नसते. त्या कपाटांसमोर मला घरी आल्यासारखं वाटलं.

याच संस्थेनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलंय आणि ते कुणालाही इंटरनेटवर ऐकता येतं. इंग्रजांच्या काळात भारतभरच्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनसाहेबाचा मराठीवरचा खंड १९०५ सालचा. त्यासाठी नमुने घेताना बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट शेकडो बोलींत करून घेतली होती. शंभरावर वर्षांनी आता लोक स्वतःच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात सांगतायत. मी रात्री कानाला हेडफोन लावून ऐकत बसते, आई दोनदा येऊन लाइट बंद करायला सांगते. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी कुपवाडलाही पुन्हा भेट दिलीय. गंपर्झनंतर गाव कारखान्यांचं झालं, शाळा मराठी, व्यवहार मराठी, आणि मराठीचा जोर वाढलाय. म्हणजे ती कहाणी १९७१ ला थांबलेली नाही, माझ्या ऑफिसच्या खिडकीबाहेर चालू आहे!

एका विद्यापीठाच्या अर्जात 'ज्ञात भाषा' असा तक्ता होता. वाचता येते, लिहिता येते, बोलता येते, असे तीन रकाने. मराठी, हिंदी, इंग्रजीला तिन्ही खुणा केल्या. कानडीपाशी पेन थांबलं. मला काकूंची कानडी कळते, सगळी, भांडणासकट. पण बोलत नाही. 'कळते' असा रकानाच नाही! आमच्या भागात लाखो माणसं अशी असतील, ज्यांना शेजारची भाषा पुरती कळते आणि कुठल्याच तक्त्यात ती मोजली जात नाही. मी कडेला बारीक अक्षरात लिहिलं: समजते.

आणखी एका ठिकाणी, 'हा विषय का निवडला' यावर पानभर लिहून मागितलं होतं. कच्चं लिहायला बसले आणि पान कधी भरलं ते कळलं नाही. 'आलो' लिहिलं. कुपवाड लिहिलं. कारखान्यातले बिहारी आणि ओडिया कामगार आता दोन-चार वर्षांत जी मराठी बोलायला लागतात, तिच्यात लिंगाचं काय होतं, हा प्रश्न लिहिला. कारण तो मला रोज हजेरीच्या टेबलापाशी ऐकू येतो आणि त्याचं उत्तर कुणीतरी शोधायला हवं, आणि ते कुणीतरी मी असायला मला आवडेल. दादानं वाचून विचारलं, 'पुढं नोकरी काय?' कोशकाम आहे, भाषांतर आहे, अध्यापन आहे. संगणकाला मराठी बोलायला-ऐकायला शिकवायचं काम तर सध्या जोरात आहे. त्याचं समाधान झालं. मला मात्र त्या उत्तराची गरज लागली नव्हती.

आता अभ्यास चालू आहे. ध्वनींची आंतरराष्ट्रीय लिपी पाठ करतेय. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना आईकडून 'च'चे दोन्ही उच्चार पुन्हा पुन्हा करून घेते आणि ती करतेही, हसत नाही. भाषा ऑलिंपियाडची जुनी कोडी सोडवतेय: कधी न ऐकलेल्या भाषेतली पाच-सात वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, आणि त्यावरून व्याकरण काढायचं. २०१६ साली ही जागतिक स्पर्धा आपल्या शेजारी म्हैसूरला झाली होती, तेव्हा मी शाळेत होते आणि मला पत्ता नव्हता! म्हणून ज्यांच्या घरात नववी-दहावीची मुलं आहेत त्यांना सांगते, ती कोडी त्यांना आजच द्या.

काकूंना मी 'बंदे'चं सगळं समजावून सांगितलं. त्या क्षणभर विचारात पडल्या, मग म्हणाल्या, 'व्हय की गं, आमच्यात बाप्या आणि बाई सारखंच बोलतंय.' आणि लगेच पुढं, 'पण तो आला, ती आली, ह्याला वेगळं हाय बघ. बंदा, बंदळू.' मी न विचारता त्यांनी तृतीयपुरुषाची रूपं मांडली, मग अनेकवचनं, मग त्यांच्या माहेरची, जतकडची, रूपं इथल्यापेक्षा कशी निराळी आहेत ते. मी हिशेबाच्या वहीत कोरी पानं शोधून लिहीत गेले. रविवारी दुपारी पुन्हा बसायचं ठरलंय. जतच्या त्यांच्या मोठ्या जाऊबाई येणार आहेत आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला त्यांनी होकार दिलाय.